आत्यांची खुर्ची आणि तुमची कंबर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"ताई, मी ५७ वर्षांची, कऱ्हाडला राहते. सासूबाई ८१ वर्षांच्या. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो. दोन्ही गुडघे झिजलेत, पण ऑपरेशनला तयार नाहीत. बीपीची गोळी चालू आहे. गेल्या दिवाळीत पहाटे मोरीत पाय घसरून पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, पण तेव्हापासून एकट्या उठायचं नाव घेत नाहीत. दिवसातून दहा-बारा वेळा मीच उठवते. आता माझी कंबर मला रात्री झोपू देत नाही. भाच्याने मोबाइलवर खुर्चीतल्या योगाचे व्हिडिओ पाठवले. आत्यांना दाखवले तर म्हणाल्या, 'जिला खाली बसता येईना तिला कसला योग? खुर्चीत बसून हात हलवायला मी काय लहान पोर आहे?' संध्याकाळचा हरिपाठ मात्र त्या चुकवत नाहीत. खुर्चीतल्या योगाने खरंच फायदा होतो का? त्यांना तयार कसं करू? आणि खरं सांगते, माझ्यासाठी म्हणून दिवसात पंधरा मिनिटंही उरत नाहीत. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी नुसती भिंतीकडे बघत बसते."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी थांबले. आत्यांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय, स्वतःच्या कंबरेबद्दल एकच वाक्य. मी उत्तर देताना तुम्हा दोघींना एकत्र धरणार आहे, कारण तुमच्या घरात ही दोन दुखणी वेगळी राहिलेलीच नाहीत. आत्या जितक्या वेळा स्वतःच्या पायांनी उठतील तितक्या वेळा तुमची कंबर वाचेल. इतकी वर्षं ज्येष्ठांचे वर्ग घेतल्यावर खुर्चीतल्या योगाचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि तो दोघांना एकदमच मिळतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, फायदा होतो. कशात होतो आणि कशात होत नाही हे मात्र आधीच समजून घ्या, म्हणजे पुढे हिरमोड व्हायचा नाही. गुडघ्यातली झिजलेली कूर्चा कुठल्याही आसनाने भरून येत नाही. 'सात दिवसांत गुडघेदुखी गायब' असं सांगणारा एखादा व्हिडिओ त्यात असेल तर तो पुसून टाका. ऑपरेशनचा निर्णय आत्यांनी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा आहे, योग सुरू केला म्हणून तो विषय मिटला असं धरू नका. व्यायामाने साधतं ते वेगळं. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याला सांभाळून धरतो. तो बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण हलका होतो आणि दुखणं आटोक्यात राहतं. म्हणून तर गुडघ्यांच्या झिजेवर डॉक्टर गोळ्या लिहून देतानाच व्यायामही सांगतात.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सांधे झिजलेल्या १३१ ज्येष्ठांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं, असा आठ आठवडे खुर्चीतला योग शिकवला आणि बाकीच्यांना आरोग्याची माहिती देणारे वर्ग दिले. दुखण्यामुळे रोजच्या कामांत येणारा अडथळा योगवाल्यांमध्ये जास्त कमी झाला आणि वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. त्यांचा थकवाही उतरला होता, चालण्याचा वेग सुधारला होता. पण हे दोन फायदे वर्ग थांबल्यावर टिकले नाहीत. मला यातली ही शेवटची गोष्टच जास्त मोलाची वाटते. आठ दिवस उत्साहाने तासभर करून सोडून देण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं, पण न चुकता, हे तुमच्या घरासाठी ठरवा.

आता आत्यांकडे येऊ. त्यांच्या गुडघ्यांपेक्षा मला काळजी वाटते ती दिवाळीनंतरच्या या महिन्यांची. पडण्याची भीती बसली की माणूस बसून राहतो. बसून राहिलं की मांड्या रोडावतात. मांड्यांतला जोर गेला की उठताना तोल जातो आणि मग भीती खरीच ठरते. या वयात स्नायू फार लवकर उतरतात, परत कमवायला मात्र कितीतरी जास्त दिवस लागतात. तुम्ही मायेने त्यांना उचलता, आणि प्रत्येक उचलण्यात त्यांच्या मांड्यांनी करायचं काम तुमची कंबर करते. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पडलेल्या माणसाला सावरायला कुणीही असंच धावतं.

मीही धावले होते. २०११ मध्ये वडिलांना पलंगावरून उठवताना, काखेत हात घालून ओढताना, माझ्या कंबरेत अशी कळ आली की मी त्यांच्याच पलंगाच्या कडेवर बसून राहिले. पुढचे तीन आठवडे मी एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या खोलीत. जेवणाचं ताट दोन्हीकडे माझी बहीण नेत होती. मला फिजिओथेरपी देणाऱ्या मुलीने तेव्हा विचारलं, "काकू, तुम्ही बाबांना उठवता की बाबा उठतात?" त्या प्रश्नाने माझी शिकवण्याची पद्धतच बदलली. तोवर मी ज्येष्ठांना हातवारे आणि श्वास शिकवत होते. त्यानंतर प्रत्येक वर्गात खुर्चीतून उठणं आणि बसणं हे आसनासारखं, तितक्याच निगुतीने शिकवायला लागले.

काही सुरू करण्यापूर्वी एक काम करा. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, म्हणजे आत्यांची हाडं ठिसूळ झाली असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्या डॉक्टरांना हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल विचारा आणि मनगटावर किती भार द्यायचा तेही विचारून घ्या. त्याच फेरीत बीपी बसून आणि उभं राहून, असं दोनदा मोजायला सांगा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या काही ज्येष्ठांचं बीपी उभं राहताच खाली येतं, डोळ्यांसमोर अंधारी येते, आणि पहाटेची बरीचशी पडापड त्यातून होते. मोरीत पाय घसरला असं तुम्ही लिहिलंय, पण त्या आधी चक्कर आली होती का, हे आत्यांना निवांतपणे विचारून बघा. अशा वेळी त्या सांगतीलही.

ठिसूळ हाडांचा मुद्दा मी एवढा लावून धरते त्याला कारण आहे. भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओंमध्ये खुर्चीत बसून पुढे वाकत डोकं गुडघ्यांकडे नेणं आणि खुर्चीची पाठ धरून जोराने पिळा देणं, हे हमखास असणार. आत्यांसाठी या दोन्ही गोष्टी वर्ज्य. ठिसूळ मणक्यांवर पुढे वाकण्याचा आणि पिळण्याचा दाब आला तर मणका दबून मोडू शकतो. मान गोल गोल फिरवणं, श्वास कोंडून धरणं, कपालभाती हेही नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काहीच नको. व्हिडिओतली बाई चाळिशीची आणि लवचीक असते, तिला आत्यांचं मनगट ठाऊक नसतं.

आता त्यांना तयार करण्याचं. आत्यांचा आक्षेप मला मनापासून पटतो. त्यांच्या पिढीने योग म्हणजे घोंगडीवर किंवा सतरंजीवर मांडी घालून बसणं असंच पाहिलंय, आणि मांडी घालता येत नाही याचं दुःख त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असणार. देवापुढे खाली बसता येत नाही म्हणून रडलेल्या बायका मी पाहिल्यात. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा, की आसन या शब्दाचा मूळ अर्थच बसण्याची जागा, बैठक. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांएवढ्या सूत्रात केली, 'स्थिरसुखमासनम्'. स्थिर आणि सुखाची असेल ती बैठक. त्यात जमिनीचा उल्लेख नाही.

आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचं उदाहरण द्या. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं होतं. पत्नीच्या नावाने त्यांनी पुण्यात उभी केलेली रमामणी अय्यंगार संस्था १९७५ पासून चालू आहे. तिथे घडीच्या लोखंडी खुर्च्या, पट्टे, लोड, भिंतीला बांधलेले दोर हे सगळं योगाचं साहित्य आहे. गुरुजी स्वतःही खुर्ची वापरत. शरीर आसनापर्यंत जात नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचं, असा हा मार्ग. आत्यांना खुर्ची म्हणजे कमीपणा वाटत असेल, तर इतका मोठा माणूसही खुर्ची वापरायचा हे त्यांच्या कानावर घाला.

तरीही 'योग करूया' असं म्हणूच नका. 'हरिपाठाच्या आधी पाय मोकळे करूया' म्हणा. त्यांचा हरिपाठ चुकत नाही असं तुम्ही लिहिलंत ना, ती तुमच्या हातातली सोन्यासारखी गोष्ट आहे. नवी सवय एकटी उभी राहत नाही, जुन्या सवयीच्या खांद्यावर हात ठेवूनच ती चालायला लागते. हरिपाठाला टाळ वाजवत असतील तर उत्तमच, मनगटाला झेपेल तेवढे आधी नुसत्या टाळ्यांनी सुरू करा.

खुर्ची कोणती, हे मी नीट सांगते, कारण इथेच चूक होते. प्लास्टिकची खुर्ची नको. तिचे पाय फरशीवर फाकतात आणि उठताना ती मागे सरकते. चाकांची तर नकोच. लाकडी किंवा लोखंडी, दोन्ही बाजूंना हात असलेली, बैठक साधारण दीड फूट उंच असलेली खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. बसल्यावर आत्यांचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर बसून करायच्या हालचालींपुरता पायांखाली देवघरातला पाट ठेवा, उठायच्या आधी मात्र तो बाजूला करा. पायात मोजे नकोत. साडीच्या निऱ्या आणि काठ नीट वर घेऊन कमरेला खोचून द्या. उठताना काठ टाचेखाली अडकतो आणि माणूस तोंडावर जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या.

सुरुवात पायांपासून. पाठ ताठ, पण खुर्चीला रेललेली नाही, एवढं पुढे बसायचं. टाचा टेकलेल्या ठेवून चवडे उचलायचे, मग चवडे टेकून टाचा उचलायच्या. हे अभंगाच्या चालीवर, टाळाच्या ठेक्यात करू द्या. पोटऱ्यांचे स्नायू दाबले जातात तसं पायात साठलेलं रक्त वर ढकललं जातं, संध्याकाळची पायांवरची सूज त्याने कमी होते. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीही पलंगाच्या कडेला बसून हेच वीस वेळा करायचं आणि मगच उभं राहायचं. मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक लहान दिवाही चालू ठेवा.

मग एक पाय गुडघ्यात सरळ करायचा, चवडा स्वतःकडे ओढून घ्यायचा आणि पाचपर्यंत मोठ्याने मोजायचं. मोठ्याने का, तर मोजताना श्वास कोंडता येत नाही. मांडीवर हात ठेवायला सांगा, आतला स्नायू दगडासारखा घट्ट झालेला त्यांना हाताला कळेल. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पायाने पाच वेळा पुरे. थोडं ओढल्यासारखं वाटणं ठीक आहे. गुडघ्यात कळ आली, छातीत दुखलं, दम लागला, गरगरलं, तर तिथेच थांबायचं, आणि छातीत दुखणं किंवा दम लागणं बसल्याने कमी झालं नाही तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यायचं.

हातांसाठी मूठ आवळणं आणि पूर्ण उघडणं, मनगट हळू फिरवणं, श्वास घेत दोन्ही हात जमतील तेवढे वर नेणं, सोडत खाली आणणं. खांदा सुधारतोय का हे बघायला मापपट्टी लागत नाही. आत्या स्वतःचा अंबाडा स्वतः घालू लागल्या की समजा. पाठीसाठी एवढंच, की श्वास घेताना छाती समोरच्या भिंतीवरच्या फोटोला दाखवायची, सोडताना साधं बसायचं.

आणि मग मुख्य गोष्ट, उठणं. सुरुवातीला बैठकीवर सतरंजीची घट्ट घडी ठेवून ती चार बोटं उंच करा. उंच बैठकीवरून उठताना गुडघ्यांवर कमी जोर येतो. आत्यांनी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचं. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, दोन पावलांमध्ये वीतभर अंतर. हात खुर्चीच्या हातांवर. आता कमरेतून, पाठ सरळ ठेवून, धड पुढे झुकवायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या सरळ वर येईल. पाठीचा बाक काढून वाकणं वेगळं आणि हे वेगळं, तेवढं लक्षात ठेवा. बहुतेक ज्येष्ठ इथेच अडतात. पडू या भीतीने ते मागे रेलूनच उठायला बघतात, मग वजन पायांवर येतच नाही. नाक पुढे गेलं की बूड आपोआप हलकं होतं. त्या क्षणी 'विठ्ठल' म्हणत, श्वास सोडत उठायचं. उभं राहिल्यावर पोटऱ्यांना खुर्चीचा स्पर्श जाणवू द्यायचा, पाच आकडे मोजायचे आणि मग तीन मोजत सावकाश बसायचं. धपकन बसायचं नाही. सावकाश बसण्यातच मांड्यांची खरी कमाई आहे. मनगटाची परवानगी मिळेपर्यंत त्या हाताचा पंजा टेकवू नका, कोपरापासूनचा हात खुर्चीच्या हातावर आडवा ठेवून जोर देऊ द्या.

पहिल्या दिवशी दोनदा झालं तरी खूप झालं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत आकडा लिहा, आणि तो आत्यांच्याच हातून लिहून घ्या. आकडा आठ-दहावर स्थिर झाला की सतरंजीची एक घडी कमी करा. त्याच्याही पुढे, तुम्ही शेजारी असताना, खुर्चीच्या मागे उभं राहून तिची पाठ धरून टाचा उचलायला लागा. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी आठवड्यातले किमान तीन दिवस तोल सांभाळणारा आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो हाच.

आमच्या विरंगुळा केंद्रातल्या वर्गाला एक निवृत्त एसटी ड्रायव्हर यायचे. अर्धांगवायूनंतर डाव्या पायात जोर कमी. बायको सोबत, सतत त्यांचा दंड धरून. मी 'डावा पाय उचला' म्हटलं की ते 'क्लच' म्हणायचे आणि पाय खरंच क्लचवर ठेवल्यासारखा जपून टेकवायचे. सुरुवातीला बाई खुर्चीवर बसायच्याच नाहीत, मागे उभ्या. एक दिवस मी त्यांच्यासाठी शेजारी खुर्ची मांडली आणि म्हटलं, आज तुमचाही पाय उचला. दोन-तीन महिने गेले असतील. वर्गाच्या शेवटी डोळे मिटून भ्रामरीचा गुंजारव चालू होता. तो थांबला तरी बाईंनी डोळे उघडले नाहीत, त्यांना झोप लागली होती. ड्रायव्हरकाका एका हाताने खुर्चीचा हात धरून स्वतः उठले, माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "झोपू दे तिला." किती दिवसांची झोप होती ती, कोण जाणे.

म्हणून ताई, आत्यांच्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची मांडा आणि तीत तुम्ही बसा. त्यांच्यावर लक्ष ठेवायला उभ्या राहू नका. त्या टाचा उचलतील तेव्हा तुम्हीही उचला, त्या उठतील तेव्हा तुम्हीही उठा. पहिले काही दिवस मात्र त्यांच्या उठण्याच्या वेळी शेजारी उभं राहावं लागेल, तेवढं झालं की परत आपल्या खुर्चीत. माझ्यासाठी वेळ उरत नाही असं तुम्ही म्हणता, तर उरण्याची वाट बघू नका, आत्यांच्या वेळातच तुमचा वेळ बसवा. समोर बसलेलं माणूस आपल्यासारखंच करतंय हे पाहिलं की 'मी काय लहान पोर आहे?' हा प्रश्नही आपोआप विरतो. शेवटी दोघींनी मिळून भ्रामरी करा. मिटल्या ओठांनी लांब 'म्‌ऽऽ', श्वास संपेपर्यंत, पाच-सहा वेळा. श्वास सोडणं लांबलं की छातीतली धडधड आणि जिवाची घालमेल शांत होत जाते. मग हरिपाठ.

आत्यांना मदत कशी करायची, तेही बदलावं लागेल. काखेत हात घालून ओढायचं नाही, त्याने त्यांचा खांदा निखळू शकतो. त्यांना तुमच्या गळ्यात हात घालू द्यायचे नाहीत, ते सगळं ओझं तुमच्या मानेवर आणि कंबरेवर येतं. त्यांच्या बाजूला उभ्या राहा, एक पाऊल पुढे, गुडघे किंचित वाकवलेले. एक हात त्यांच्या पाठीमागे कमरेवर, दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्या तळव्याखाली. नाक पुढे आल्याशिवाय घाई करायची नाही. 'विठ्ठल' दोघींनी एकदम म्हणायचं. तुमचा हात त्यांना दिशा देण्यापुरता, वर खेचायला नव्हे. दिवसातले दहा-बारा वेळचे हे उठणं असं झालं, तर दहा मिनिटांच्या सरावाखेरीज आत्यांचा दिवसभर व्यायाम होत राहील.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. तुमच्या पत्रात आत्या आहेत, भाचा आहे, तुमच्या यजमानांचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नाही. ते घरी असतील तर आईला उठवायला त्यांनी शिकलंच पाहिजे. सकाळची पहिली फेरी आणि रात्रीची शेवटची फेरी त्यांची. ते नसतील किंवा त्यांना शक्य नसेल तर भाच्याला रविवारी बोलवा. व्हिडिओ पाठवण्याइतकी काळजी त्याला आहेच, तर आता समोर बसवून त्याला वरची सगळी रीत शिकवा. सुनेने केलं की सेवा आणि मुलाने केलं की मदत, ही वाटणी आपल्या घराघरांत बायकांच्या कंबरा मोडत आली आहे. गावात ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्ग असेल तर त्याची चौकशी करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभर चालणारी मोफत हेल्पलाइनही आहे. अडीअडचणीला काळजी घेणाऱ्यांनीही तिथे फोन करावा.

तुमची कंबरदुखी पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आत्यांच्या आधी तुम्ही डॉक्टरांकडे जा. लघवीवर ताबा राहत नसेल तर त्याच दिवशी. आणि भिंतीकडे बघत बसणं रोजचंच झालं असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना कंबरदुखीइतकंच स्पष्ट सांगा. दीर्घकाळ माणूस सांभाळणाऱ्याला हा थकवा येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यावर उपाय होतात.

राहिली दुपार. आत्यांचा डोळा लागला की त्यांचीच ती खुर्ची तुमच्या खोलीत आणा. तिच्यासमोर जमिनीवर सतरंजी अंथरून उताण्या झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, मांड्या सरळ वर, गुडघे काटकोनात. डोक्याखाली एक पातळ घडी. हात पोटावर. कंबर हळूहळू जमिनीला टेकेल, दोन-तीन मिनिटांनी ती सैल पडलेली कळेल. दहा मिनिटं असंच पडून राहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मध्येच आत्यांनी हाक मारली तर पडल्या पडल्याच ओ द्या. मग पाय खाली घ्या, कुशीवर वळा, हाताने जमिनीला रेटा देत सावकाश उठून बसा. तेवढा वेळ आत्या थांबतील.